शुक्रवारची भाकरी

पारूनं आजही ताटातली एक भाकरी परकराच्या ओच्यात सरकवली आणि गिरजानं ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. आईबाप गेल्यापासून पारूचे आणि तिच्या धाकट्या भावाचे वस्तीनं वार लावले होते; रोज एका घरी जेवण. गुरुवार गिरजाचा.

भूक आहे तर खात का नाही? गिरजाच्या डोक्यात किडा वळवळला. आपली जाडजूड भाकरी ही भवानी घरोघर दाखवून हसत असणार. पोरगी उठली तशी ती पिठाच्या हातानंच मागोमाग निघाली.

पारू ठकूआजीच्या खोपटात शिरली. शुक्रवारचा वार म्हातारीनं भांडून मागून घेतला होता. गिरजानं कुडाच्या फटीतून पाहिलं. चूल थंड होती, पिठाचा डबा पालथा. म्हातारी मान खाली घालून बसलेली.

पारूनं भाकरी फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवली. “उद्या तूच वाढ, आजी. धाकट्याला सांगू नको. त्याला तुझ्याच हातची भाकरी आवडते.”

गिरजा पाऊल न वाजवता परतली. पुढच्या गुरुवारी तिनं चार भाकऱ्या जास्त थापल्या, पारूच्या पुढ्यात ठेवल्या आणि तिच्याकडं पाठ करून चुलीशी बसून राहिली.