तपासलं, चालतंय

किरकिरणाऱ्या लेकीला कडेवर सावरत सुचिताने स्क्रीनकडे पाहिलं आणि चूक तिच्या लक्षात आली. लाखो कम्प्युटर ज्यावर चालतात त्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कुणीतरी सुचवलेली दुरुस्ती तिने तपासली खरी; पण चालू होता जुनाच कर्नल. दुरुस्ती बसवून कम्प्युटर नव्याने सुरू करायचाच राहिला होता. आणि ‘मी तपासलं, चालतंय’ असं कर्नलवर काम करणाऱ्या सगळ्यांना कळवूनही झालं! संध्याकाळी दुरुस्ती, तपासणारी म्हणून तिच्या नावासकट, पक्की होणार होती. सासूबाईंनी अर्ध्या बोर्ली गावाला सांगितलेलं, सुनेचं नाव लागतंय. “अगो, कोण बघायला येतंय?” चूक ऐकून त्या म्हणाल्या. “उद्या एखाद्या दवाखान्यातलं मशीन यावर चालेल, आई.” तिने लिहिलं, ‘चूक माझी. नाव काढा.’ मग दुरुस्ती बसवून तिने खरी चाचणी लावली. चौथ्या मिनिटाला कम्प्युटर ठप्प! “बिघडलं काय गो?” सासूबाई धावल्या. “बिघडलं, आई,” सुचिता हसली, “पण आपल्याच घरात बिघडलं.”