खोली बदलून मिळावी

पहिल्याच आठवड्यात मी होस्टेलच्या रेक्टरबाईंकडे गुपचूप अर्ज दिला होता, खोली बदलून मिळावी म्हणून. रूममेट मोठमोठ्याने पाठांतर करायची आणि ओला टॉवेल खुशाल माझ्या खुर्चीवर टाकायची. पुढे आमची अशी काही गट्टी जमली, की त्या अर्जाचा मला विसरच पडला.

चार महिन्यांनी एका सकाळी ती माझी वेणी घालत होती, तेवढ्यात शिपाईमावशी दारात आल्या. "अर्ज मंजूर झालाय. आजच सामान हलवायचंय."

चिठ्ठी तिनेच घेतली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"अगं, मी अर्ज दिला तेव्हा तू मला डोळ्यांसमोर नको होतीस," मी म्हणाले. "आता तुझ्याशिवाय करमायचं नाही मला."

"तुझा कुठला? हा माझा अर्ज आहे," ती पुटपुटली. "तुझ्या घोरण्यापायी दिलेला."

मावशींनी दुसरी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "ही तुझी. एकाच खोलीत दोन खाटा रिकाम्या झाल्यात, तिथेच टाकलंय दोघींना. बाई म्हणाल्यात, तिथे तरी सुखाने नांदा."