थांबा म्हणणारं माणूस

सही करायचा कागद आभाळरावांनी तिसऱ्यांदा टेबलावरून परत सरकवला.

"अहो, करा की एकदाची," बायको कानाशी पुटपुटली. "डॉक्टरांना काय आपण एकटेच आहोत?"

आभाळराव हे त्यांचं कामावरचं नाव. बावीस वर्षं उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांनी लोखंड चढवलं, काँक्रीट चढवलं, एकदा तर अख्खा जिना चढवला होता. आता त्यांच्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ निघाली होती. मूत्रपिंड राखून फक्त गाठ काढायची होती, तीही रोबोटने. उद्या सकाळी पहिला नंबर.

"यंत्राची भीती वाटते का, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वयाने त्या त्यांच्या मुलीएवढ्या, पण बोलणं शांत. "ते स्वतःहून काहीच करत नाही. माझा हात हलला तरच त्याचा हात हलतो."

"ते मला नका सांगू. माझी क्रेनही स्वतःहून काही करत नाही. चालवणारा बसतो कुठे, ते सांगा."

"मी त्याच खोलीत, कोपऱ्यात. तुमच्यापासून आठ-दहा पावलांवर."

"आणि खाली कोण असतं?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नाही. बायकोने कपाळाला हात लावला.

"चला," डॉक्टरीणबाई उठल्या. "यंत्रच दाखवते."

सरावाच्या खोलीत चार हात अंगाशी घेऊन रोबोट उभा होता. समोरच्या कोपऱ्यात तो चालवायचं खोकं आणि त्यापुढे स्टूल. आभाळराव बसले, खोक्याला कपाळ टेकवलं, बोटं कड्यांत घातली. आत रबराची पाटी दिसत होती, तिच्यावर खुंट्या आणि बारीक रिंगा. त्यांनी मनगट वीतभर फिरवलं, आतला चिमटा नखभर फिरला.

"वा!" ते खोक्यातल्या खोक्यात म्हणाले.

एक रिंग खुंटीवर गेली. दुसरी गेली. तिसरी तर कुठेही न घासता गेली.

"मला हे जमायला आठवडा लागला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायकोच्या जिवात जीव आला. आता तरी सही होईल.

पण आभाळरावांनी डोकं बाहेर काढलं तेव्हा चेहरा तसाच होता.

"आतलं झकास दिसतं. बाहेरचं काहीच दिसत नाही." त्यांनी त्या चार हातांकडे बोट केलं. "मला वरून हूक दिसतो, पण भिंतीपलीकडचा माणूस दिसत नाही. म्हणून खाली सिग्नल देणारा लागतो. त्याने हात आडवा केला की मी थांबायचं. कारण विचारायचं नाही. तुम्ही डोकं आत घालून बसणार. त्या हाताचं कोपर माझ्या अंगावर दाबलं, तर तुम्हाला सांगणार कोण?"

लोक टाके किती पडतील ते विचारत, घरी कधी सोडाल ते विचारत. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून हाक मारली, "सिस्टर!"

सिस्टर आल्या त्या चष्मा कपाळावर चढवून, हातातलं काम अर्धवट टाकावं लागल्याच्या रागातच.

"या तुमच्या टेबलाला लागून उभ्या असतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

आभाळराव स्टुलावरून उठले. "तुम्ही थांबा म्हणालात तर या थांबतात?"

"थांबल्या नाहीत तर मी ओरडते."

"आणि चांगल्या ओरडतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"शेवटचं कधी थांबवलंत?"

सिस्टरनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. सांगा, अशी त्यांनी मान हलवली.

"परवाच. कोपर पेशंटच्या खांद्याला टेकायला आलं होतं. दोन बोटं राहिली होती."

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. आभाळराव मात्र आठवड्यात पहिल्यांदा मोकळेपणी हसले.

"आणा तो कागद."

"तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाहीत," बायको म्हणाली, "आणि यांचं एका दमात!"

ऑपरेशन तीन तास चाललं. डॉक्टरीणबाई डोक्यावरची टोपी काढत बाहेर आल्या. आधी "निघाली" म्हणाल्या, मग "सगळी" म्हणाल्या, मग "मूत्रपिंड जागच्या जागी आहे" म्हणाल्या. बायको मटकन खाली बसली, लगेच उठली, आणि काय करावं ते न सुचून त्यांची टोपीच हातात घेऊन उभी राहिली.

"त्या ओरडल्या का हो?" तिने हळूच विचारलं.

"एकदा," डॉक्टरीणबाई हसल्या. "मी थांबले."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तर खाट रिकामी. आभाळराव खिडकीशी उभे होते. पोटावर पाच छोट्या पट्ट्या, नळीची पिशवी बायकोच्या हातात. रस्त्यापलीकडे एक इमारत वर चढत होती. तिथल्या क्रेनच्या हुकाला मोठमोठ्या काचांचा गठ्ठा लटकत होता, आणि तो झोके घेत होता.

"दुखतंय का, काका?"

"शू," आभाळराव नजर न वळवता म्हणाले. "वाऱ्यात सापडलाय."

डॉक्टरीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची बोटं नकळत चिमटीत जुळली. गठ्ठा फिरला, भिंतीशी आला, थबकला. झोका कमी कमी होत गेला. मग तो सावकाश, अगदी सावकाश उतरला आणि गच्चीवर टेकला.

दोघांचा श्वास एकदमच सुटला, आणि खिडकीच्या गार काचेवर वाफेचे दोन गोल शेजारी शेजारी उमटले.