भुऱ्याला चढता येईल अशी

"ही पण लई उंच हाय," सारजाबाई प्लास्टिकच्या खुर्चीतूनच म्हणाल्या. "भुऱ्याची कंबर गेलेली. कसा चढंल त्यो?"

बीड बायपासवरच्या जुन्या गाड्यांच्या आवारात त्यांनी नापास केलेली ही तिसरी गाडी. सोमनाथने आधी आईकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. घरात दोन कुत्री, त्यातलं एक तेरा वर्षांचं म्हातारं; तेव्हा कुत्री सोबत न्यायची आणि चढवूनच गाडी पसंत करायची, ही युक्ती दीपमालाची. आईला आणलं होतं ते फक्त गाडी ठरली की तिच्या हातून नारळ फुटावा म्हणून. पण जिने तेरा वर्षांत भुऱ्याला कधी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, तिला आज त्याच्या कमरेचा एवढा पुळका आलेला पाहून सोमनाथला नवल वाटत होतं.

दुखणं भुऱ्याचं होतंच, पण सारजाबाई बोलत होत्या ते आपल्या गुडघ्यांबद्दल. लासूर स्टेशनला त्यांची धाकटी बहीण राहायची. दोन वर्षं भेट नव्हती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिच्या नातीचं बारसं झालं, आणि दर वेळी "आमच्याकडं गाडी कुठंय बाई" म्हणून सारजाबाईंनी फोन ठेवला. त्याच्याही आधी एका लग्नाला निघताना दोघा पुतण्यांनी त्यांच्या काखेत हात घालून, पोतं चढवावं तसं त्यांना जीपमध्ये चढवलं होतं. अख्खं वऱ्हाड बघत होतं. पुन्हा उंच गाडीत पाय ठेवायचा नाही, आणि का ते पोटच्या पोरालाही सांगायचं नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. आता घरातच उंच गाडी आली, तर सबबही जाणार होती आणि बहीणही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. सारजाबाईंनी कुत्र्याचे धरले.

आवाराचे मालक नानासाहेब यांनी चौथ्या गाडीची डिकी उघडली. ही काळी होती, काळी कुळकुळीत. धाकटा मॅक्स आधीच आत शिरून काचा चाटायला लागला होता. भुऱ्याला मागून चढवायला निघाले, तर सारजाबाईंची त्यालाही हरकत. मागे एकट्याचा त्याचा जीव घाबरतो, म्हणाल्या, बाजूच्या दारातून चढवून बघा. म्हणजे माणसं चढतात तिथून. भुऱ्याने पुढचे दोन पाय कसेबसे टेकवले, वर पाहिलं, आणि पाय काढून घेऊन मुकाट्याने खाली बसला.

पण सोमनाथचा जीव या काळीवर जडला होता. एका हाती वापरलेली, टायर नवे, आणि हिच्यातून वैजापूरला चुलतभावांच्या दारात उतरायचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. नानासाहेबांनी धंद्यात केस पांढरे केले होते. त्यांनी ते बरोबर हेरलं.

"उचलून ठेवायचं, साहेब. दोघांनी दोन बाजूंनी धरलं की झालं काम."

सारजाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"उचललेलं आवडत नाय त्याला," त्या म्हणाल्या. "चार माणसांसमोर तर नायच."

कुत्र्याला कसली आलीय माणसांची लाज, म्हणून सोमनाथ हसला. नानासाहेबही हसले. दीपमाला हसली नाही. सासूबाईंचा हात गुडघ्यावर होता आणि नजर गाडीच्या दाराखाली, जमीन आणि पायरीच्या मधल्या अंतरावर खिळलेली होती. दीपमाला बराच वेळ तिथेच बघत राहिली.

सोमनाथ तिला समजावू लागला. हा म्हातारा आता किती दिवसांचा, गाडी तर दहा वर्षं वापरायची, एवढ्यासाठी चांगली गाडी का सोडायची. तो बोलत होता भुऱ्याबद्दल, पण एकेक शब्द सारजाबाईंना लागत होता. त्यांनी पदर सारखा केला आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"जितके दिवस हाय तितके दिवस त्याचा त्यो चढंल," दीपमाला म्हणाली. "काळी नको."

भिंतीकडेला एक राखाडी गाडी उभी होती. दोन हातांत फिरलेली, डाव्या दारावर पोचा, अंगाने दांडगी पण बसकी. सोमनाथने नाक मुरडलं. भुऱ्याने मात्र पुढचे पाय आत टाकले, जरा दम घेतला, मागचा एक पाय ओढला, मग दुसरा, आणि सीटखालच्या जागेत एक गिरकी घेऊन बसला. सारजाबाई मनातल्या मनात त्याच्याबरोबर चढल्या. डावा पाय वर गेला; उजवा उचलताना मात्र धरायला काही सापडेना. तरी त्यांना बरं वाटलं. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सोमनाथ शेवटी कबूल झाला आणि कागदपत्रं बघायला ऑफिसात गेला. दीपमाला नानासाहेबांना घेऊन राखाडी गाडीच्या डाव्या दाराशी आली. इथे खाली रुंद पायरी बसवून द्या, तिने सांगितलं, आणि आतून दाराच्या खांबाला हँडल, हाताला सहज येईल असं.

नानासाहेब चष्म्यावरून बघत राहिले.

"पायरी समजली, ताई. पण कुत्र्याला हँडल कशाला?"

"लागतंय त्याला," खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने दीपमाला म्हणाली. "रविवारी त्याला लासूरला जायचंय."