झेलणाऱ्याचे हात

कॉन टियर्नीचा चेंडू झेलला की गस रेम दोन्ही तळहात झटकी, त्यांवर फुंकर घाली आणि बाकावरच्या मॅनेजरला ऐकू जाईल इतक्या जोरात कण्हे. त्या शनिवारी ट्रॉय शहराच्या बेसबॉल मैदानावर त्याने हे शंभरदा केलं. तरी समोरच्यांनी कॉनला मनसोक्त झोडपलं आणि संघ चौदा धावांनी हरला.

कॉनने चेंडू टाकायचा आणि गसने तो उघड्या हातांनी झेलायचा, ही जोडी सहा वर्षांची. झेलणाऱ्यांचे हातमोजे यायच्या आधीचा काळ तो. सामना संपला की मॅनेजर नेहमी गसलाच विचारी. टाकणाऱ्याच्या हातात किती दम उरलाय हे झेलणाऱ्याइतकं कुणाला कळणार?

"आग आहे, आग," गस म्हणाला. "बाकीचे गडी आंधळे, त्याला तो काय करणार?"

मॅनेजरने मान हलवली. पुढच्या हंगामाच्या कराराचं सोमवारी नक्की करू, म्हणाला.

कॉनच्या जिवात जीव आला. जुलैपासून त्याचा खांदा ठणकत होता. रोज सामना आणि रोज तोच. चेंडू टाकायला दुसरा कुणी ठेवायला क्लब राजी नव्हता. सकाळी केस विंचरायलाही हात वर जाईना. पण खांदा काही का म्हणेना, गस म्हणतोय ना, या एका शब्दावर तो तगून होता. करार गेला तर पुन्हा शेगड्या ओतण्याचा कारखाना, आणि तिथेही धड हात लागतोच.

रविवारी खेळायला बंदी. कॉन गसकडे जेवायला गेला. गसची बायको लीना भलतीच खुशीत होती. बटाटे वाढता वाढता तिची टकळी सुरू झाली.

"सहा वर्षं याच्या शर्टाची बटणं मी लावली, भाऊजी. ताटातलं मांससुद्धा मीच कापून द्यायची, तुमच्या चेंडूनं बोटं अशी टम्म सुजलेली. आणि आता बघा, जुलैपासून एक बोट सुजलेलं नाही. परवा तर पोरीची वेणी घातली यानं. देवाला दया आली हो."

गसने मान खाली घातली. कॉनने त्याच्या हातांकडे पाहिलं. एखाद्या कारकुनाचे असावेत तसे नितळ, धडधाकट हात. दोस्ताचा राग त्याला आला नाही. मायेपोटी बोललेलं खोटं होतं ते. पण हातातला काटा त्याने ताटात ठेवला.

"मीठ कमी पडलं का?" लीनाने विचारलं.

"छे, वहिनी. झकास झालंय."

ती भांडं घेऊन आत गेली, तेव्हा तो गसला हळूच म्हणाला, "उद्या मॅनेजरला खरं सांग. तुझा शब्द तरी राहू दे, तुला पोरं आहेत."