ओहोटी

"शेवटी पेडलवरचा पाय लवकर उचलू नका हं, सूर तुटतो," रंगमंचाच्या मागच्या खोलीत ओदिल पुन्हा म्हणाली.

"मादाम, शेवटचा सूर वाजला की टाळ्या पडतात. पॅरिसचे लोक आहेत, मी काय त्यांना दटावू?" गास्पारने आरशात टायची गाठ सारखी केली.

"तो सूर वाजला की संपत नाही, विरत जातो. सँ-मालोला समुद्र असाच मागे मागे जातो. तुम्ही लिओंचे, समुद्रापासून लांबचे, तुम्हाला काय कळणार ओहोटी!"

गास्पार हसला. माणूस वाईट नव्हता आणि पियानो वाजवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. फक्त टाळ्यांसाठी त्याला दम निघत नसे. शेवटच्या सुरावर हात उंच उडवून ताडकन उभं राहायची त्याची खोड लोकांनीच लाडावून ठेवली होती. ओदिलने रचलेली ही 'ओहोटी' अजून छापली गेली नव्हती. तिच्या खाडाखोडीतून वाट काढणं दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून पानं उलटायला तीच त्याच्या डाव्या बाजूला बसली.

रविवारची दुपार. सभागृह भरलेलं, बायकांच्या टोप्या भलत्याच रुंद, मागचे लोक माना वाकड्या करून बघत होते. गास्पार मात्र सुंदर वाजवत होता. धुकं आलं, पाणी आलं, ते ओल्या वाळूवरून सरकलं. ओदिलला फार बरं वाटत होतं. आपण लिहिलं ते खरंच असं आहे, याचं तिला नवल वाटलं.

शेवटचं पान आलं. पहिल्या रांगेतल्या म्हातारबुवांनी टाळीसाठी काठी काखेत मारली. गास्पारने शेवटचा खर्जातला सूर लावला आणि त्याचा खांदा वर उचलला जाऊ लागला.

ओदिल उठून उभी राहिली. हात लांबवून तिने पानाचा कोपरा चिमटीत धरला.

पानं उलटणारी उभी, म्हणजे अजून बाकी आहे. म्हातारबुवांचे हात अर्ध्यावरच थांबले. सगळं सभागृह पुढच्या पानाची वाट पाहू लागलं. त्या पानामागे पियानोचं लाकूड होतं, हे दोघांनाच ठाऊक होतं.

"बसा की!" गास्पार ओठ न हलवता पुटपुटला.

"पाय," तीही तशीच पुटपुटली.

आता तो उठला असता, तर अर्धी रचना विसरला असं लोक म्हणाले असते. बिचारा बसून राहिला आणि नाइलाजाने ऐकू लागला. सूर मागे सरकत गेला, बारीक झाला, आणखी बारीक झाला. नेमका कुठे संपला, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मग ओदिलने कोपरा सोडला आणि ती खाली बसली.

टाळ्या उशिरा सुरू झाल्या, पण थांबायचं नाव घेईनात. गास्पारने तिला हात धरून पुढे ओढलं. दोघं वाकली.

"मला माहीतच नव्हतं हो," वाकल्या वाकल्या तो म्हणाला, "तो सूर इतका लांब जातो."

"मी तरी कुठे ऐकला होता आजवर! घरी इथवर येते न येते तोच आमचे हे आतून ओरडतात, 'झालं ना? सूप निवतंय!'"