ओठावरची काजळी

सकाळी नवऱ्याचे तोंड पुसताना जेरोपला त्याच्या मिशीत काळा कण दिसला. तिने तो बोटावर घेतला, चुरडला, हुंगला. कोळसा होता. चुलीतला नव्हे, जळत्या काटकीने तुंबा आतून घासतात, तो.

ती स्वयंपाकाच्या झोपडीच्या दारात जाऊन उभी राहिली. सासू ताप्रांदिच चुलीत काटक्या सारत होती.

"आई, काल ह्यांना मुर्सिक पाजलंत?"

"वा! मीच तुला विचारणार होते. माझा तुंबा रोज हलका होतोय. म्हातारी झालेय, आंधळी नाही झाले."

"मी कशाला हात लावू तुमच्या तुंब्याला?"

"तुंब्याला हात लावणाऱ्या या घरात बायका दोनच. त्यातली एक मी."

उंच खुंटीवर वादीने टांगलेला तुंबा दोघींच्या मध्ये स्वस्थ लोंबत होता. त्यात मुर्सिक, म्हणजे आंबवलेले दूध, ताप्रांदिचने लेकासाठी कायम भरून ठेवलेले असे. पण लेकाला ते आता वर्ज्य होते.

किबिवोट मोटरसायकलवरून पडला, तेव्हा त्याच्या डोक्याचे हाड फुटले होते. जीव वाचला. उजवे अंग लुळे पडले आणि बोलणे गेले. कुणी शब्द म्हटला तर मागून म्हणे. स्वतःहून एकही नाही. एल्डोरेटच्या इस्पितळातून सिस्टर टेक्ला औषधाच्या पुड्या घेऊन येई. त्यांत जिवंत जंतू असतात, चांगले जंतू. आतडे सुधारले की मेंदूही सुधारतो का, हे डॉक्टरांना पाहायचे होते. काही रोग्यांना जंतूंच्या पुड्या होत्या, काहींना नुसत्या पिठाच्या. कुणाला कुठल्या, ते सिस्टरलाही ठाऊक नव्हते. अट एकच : घरचे मुर्सिक द्यायचे नाही. दिलेले कळले तर रोग्यांच्या यादीतून नाव कमी होणार. मग व्यायाम घेणारी बाईही यायची बंद. तिच्यामुळेच तर तो आता उभा राहत होता. जेरोपने सिस्टरच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

"जंतूच पाजायचे, तर माझ्या तुंब्यातले काय वाईट?" ताप्रांदिचने तेव्हाच विचारले होते. "तो काय खातोय ते तिलाच माहीत नाही, आणि पहारा माझ्या दुधावर!"

दुपारी जेरोपने पाण्याचा डबा उचलला. "ओढ्यावर जाऊन येते, आई."

"जा. मी शेजारून साखर आणते. सकाळपासून घरात चहा नाही."

जेरोप कुंपणाबाहेर पडली, वळसा घालून मक्याच्या कणगीमागे आली, आणि थबकली. कणगीमागे ताप्रांदिच आधीच उकिडवी बसली होती.

"तू पाण्याला गेली होतीस ना?"

"आणि तुम्ही साखरेला?"

एवढ्यात अंगणात स्टूल सरकल्याचा आवाज आला.

किबिवोट उठला होता. त्याने फाटकाकडे पाहिले, मग ओढ्याच्या वाटेकडे. मग डाव्या हाताने स्टूल पुढे ढकलत, त्याच्यावर भार टाकत, पाय ओढत तो झोपडीकडे निघाला. उघड्या दारातून सगळे दिसत होते. त्याने स्टूल खुंटीखाली लावले आणि त्यावर चढला.

जेरोप उसळून उठली. ताप्रांदिचने तिचे मनगट घट्ट धरले.

त्याचा गुडघा लटपटला. बोटे वादीपर्यंत पोचली, सुटली, पुन्हा पोचली. तो तुंबा घेऊन खाली उतरला, बसला. तुंबा मांड्यांत धरून त्याने तो हळूहळू हलवला, मग दातांनी झाकण काढले आणि प्याला. पुन्हा चढून त्याने तुंबा जागच्या जागी टांगला. बाहीने ओठ पुसले. स्टूल ढकलत अंगणात परतला, बसला, आणि तोंड अर्धवट उघडे ठेवून रोजच्यासारखा समोर बघत राहिला.

"बायकांच्या तुंब्याला हात!" जेरोप पुटपुटली. वयात येऊन पुरुषांत बसू लागलेला माणूस भुकेने कासावीस झाला तरी दारातून हाक मारतो; आत जाऊन तुंबा काढत नाही. कुणाला कळले असते, तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"प्यायच्या आधी हलवला त्याने," ताप्रांदिच म्हणाली. "पाहिलंस? आणि त्याच्याही आधी, कुणी बघतंय का ते पाहिलं."

फाटकाशी गाडी थांबली. सिस्टर टेक्ला आली, खुर्चीत बसली आणि नेहमीचा प्रश्न तिने विचारला.

"मुर्सिक दिलंत?"

"मी नाही," जेरोप म्हणाली.

"मीही नाही," ताप्रांदिच म्हणाली.

सिस्टरची नजर किबिवोटच्या वरच्या ओठावर थांबली. तिथे काजळीची बारीक रेघ होती. ती वाकली.

"काय प्यालात तुम्ही?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले. जबडा हलला, थांबला.

"च... चहा."

सिस्टर ताडकन उभी राहिली. "ऐकलंत? कुणी आधी म्हटला नव्हता हा शब्द! स्वतःहून बोलले! बाई गं, यांना जंतूंच्याच पुड्या मिळत असणार. डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे."

जेरोपने खांद्यावरच्या कापडाच्या टोकाने नवऱ्याचा ओठ पुसला, जरा जास्तच जोरात.

गाडी गेल्यावर झोपडीतून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. जेरोप आत गेली. ताप्रांदिचने खुंटी उपटून हातभर खाली ठोकली होती आणि दगडाने शेवटचे घाव घालत होती.

"हे काय, आई?"

"हल्ली हात पोचत नाही माझा," म्हातारी म्हणाली. ती सुनेपेक्षा वीतभर उंच होती.